कुलपातली अक्षरे

एकदा लिहिलेले अक्षर बदलू नये, असे आपण मानतो. आणि चुकून वेडेवाकडे लिहिले गेले तर ते सुधारण्याची सोय हवी, हेही आपण तितक्याच ठामपणे मानतो. या दोन समजुती आजवर एका घरात सुखाने नांदत आल्या, याचे श्रेय माणसाच्या शहाणपणापेक्षा कागदाला अधिक आहे. कागदावर खोडता येते, पण खोडलेले लपवता येत नाही. ब्लेडने खरवडले तर कागद विरळ होतो आणि उजेडाला धरला की चोरी दिसते. शाई पालटली, हात पालटला, की जाणत्या डोळ्याला कळते. संगणकाच्या पडद्यावर मात्र बदलण्याची सोय राहिली आणि बदल उघडा पडण्याची सोय गेली. १२ पुसून १३ केले, की ते १३ असे काही ऐटीत उभे राहतात की जणू पहिल्या दिवसापासून तेच तिथे होते. म्हणून ज्या कुलपाची कागदाला फारशी गरज पडली नाही, ते पडद्याला लावावे लागते.

या कुलपाविषयी मी विचार करू लागलो तो एका तरुणाने घातलेल्या कोड्यामुळे. दुधनीचाच हा मुलगा, माझा जुना विद्यार्थी; सोलापुरात संगणकाची कामे करतो. आमच्या शाळेच्या कचेरीसाठी त्याने एक छोटा प्रोग्रॅम तयार केला. जनरल रजिस्टरातल्या नोंदी त्यात भरायच्या आणि कुणी दाखला मागितला की छापून द्यायचा, एवढेच त्याचे काम. पडद्यावर ओळीने चौकोन मांडलेले : नाव, आईचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिनांक. सगळे झाल्यावर त्याने विचारले, "सर, यातली कोणती घरे रीड-ओन्ली करू? म्हणजे दिसतील, पण कुणाला त्यात लिहिता येणार नाही."

मला वाटले होते, कुलूप म्हणजे कुलूप. त्याने समजावले की कुलपे दोन जातींची असतात. व्हिज्युअल बेसिकमध्ये मजकुराच्या चौकोनाला 'एनेबल्ड' आणि 'लॉक्ड' असे दोन वेगळे गुण असतात. एनेबल्ड काढून घेतले की आतली अक्षरे राखेसारखी फिकट होतात, कर्सर आत शिरत नाही, मजकूर निवडून उचलता येत नाही. टॅबची कळ दाबत गेले तर यंत्र त्या घराला वळसा घालून पुढे जाते. लॉक्ड केले तर अक्षरे ठसठशीत राहतात, कर्सर आत जातो, लांब मजकूर सरकवत शेवटपर्यंत वाचता येतो, उचलून दुसरीकडे नेता येतो; बदलता तेवढा येत नाही. जावामध्येही हाच भेद निराळ्या नावांनी आहे. अंध माणसाला पडदा वाचून दाखवणारा जो प्रोग्रॅम असतो, तोही टॅबने जाताना दुसऱ्या जातीच्या घरात थांबतो आणि पहिल्या जातीचे घर बहुधा ओलांडून जातो.

हा भेद मला यंत्रापुरता वाटला नाही. एक कुलूप सांगते, 'हे तुझ्यासाठी नाही.' दुसरे सांगते, 'हे तुझेही आहे, फक्त हात लावू नकोस.' जुन्या माणसांना हा फरक ठाऊक असावा. आमच्याच जिल्ह्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावर, हत्तरसंग कुडल येथे संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा, लेख आहे. आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. जो हे वाचील तो विजयी होईल, अशा आशयाचे मराठी शब्द त्यात आहेत. उलट शिलाहारांच्या काळापासूनच्या गद्धेगाळी पाहाव्यात. त्यांवर वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा मजकूर, आणि दान मोडणाऱ्याला खाली अशी शिवी, की ती मला शिक्षकाच्या तोंडाने येथे सांगता यायची नाही. वाचणाऱ्याला आशीर्वाद आणि मोडणाऱ्याला शिवी. दगडाला कर्सर नसला तरी रीड-ओन्लीचा अर्थ यापेक्षा नेमका कुणी सांगितला आहे असे मला वाटत नाही.

तेव्हा कुलूप दुसऱ्या जातीचे लावायचे, इथवर आमचे लगेच जमले. पण कोणत्या अक्षरांना लावायचे? मी बेफिकिरीने म्हणालो, "जे खरे आहे त्याला." आणि म्हणताक्षणी जन्मतारखेच्या चौकोनावर नजर गेली.

महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या शाळेचे रजिस्टर उघडा. १ जूनला जन्मलेली मुले पानापानावर भेटतील. या तारखेला आयांच्या कुशी अधिक फळत होत्या असे नव्हे. जन्माची नोंद नसलेले मूल बाप शाळेत आणून उभे करी. गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावीत. कान हाती लागला की मूल सहा वर्षांचे झाले असे ठरे. शाळा जूनमध्ये सुरू होत, म्हणून तारीख १ जून. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ साली झाला, तरी ही चाल पुढे कितीतरी वर्षे टिकली. माझीही तारीख हीच आहे. आमच्या वर्गात ती निम्म्या मुलांची होती. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मे या दिवशी आपल्याकडे कचेऱ्याकचेऱ्यांतून नारळ आणि शाली यांची इतकी उलाढाल होते.

आता ही तारीख खरी म्हणायची की खोटी? जन्माच्या दृष्टीने ती सरळ खोटी आहे. पण तिच्यावर दहावीचे प्रमाणपत्र उभे आहे, त्यावर नोकरी, नोकरीवर सेवाज्येष्ठता आणि निवृत्तिवेतन. मी 'खऱ्याला कुलूप लावावे' म्हणालो होतो. वस्तुस्थिती अशी दिसते की कुलूप लागून पुष्कळ वर्षे लोटली की आतले खरे होते.

हे मान्य करताना मन कचरते, पण यात एक गोष्ट आहे जी सत्याच्या भक्तांच्या ध्यानात सहसा येत नाही. नोंद ज्याच्याविषयी असते ती एकट्या त्याच्या मालकीची नसते. ती अशा एका परक्या माणसासाठी लिहिलेली असते, जो तीस वर्षांनी येईल, ज्याला ना मुलगा ठाऊक ना गुरुजी, आणि ज्याला या अक्षरांवर विसंबून काहीतरी ठरवायचे असेल. दुधनीच्या अडत बाजारात हे लहान पोरालाही कळते. तुरीचे माप झाले, रोजकीर्दीला रक्कम पडली, की ती चुकली तरी खोडायची नाही. उलटी नोंद करून ती फेडायची. पाडव्याला आपण वहीची पूजा करतो ती काही कागदाची नव्हे. सरकारला हे उशिरा सुचले : कंपन्यांचे हिशेब ज्या प्रोग्रॅमवर ठेवले जातात, त्यात प्रत्येक बदलाचा माग राहिला पाहिजे आणि तो माग बंद करण्याची सोय असता कामा नये, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. आमच्या अडत्यांच्या आजोबांना हा नियम वाचून हसू आले असते.

कुलपाची दुसरी बाजू कचेरीतल्या लेखनिकाने मला दाखवली. ती मला स्वतःहून सुचली नसती. गावातला एखादा वजनदार गृहस्थ पोराला खेळाच्या स्पर्धेत खालच्या गटात बसवण्यासाठी, नाहीतर कुठल्या भरतीच्या वयात आणण्यासाठी, वर्षभराचा फरक करून मागतो. लेखनिक गरीब. त्याला नाही म्हणायचे असते, पण ज्याच्या दारावरून रोज जायचे त्याला नाही कसे म्हणणार? त्या वेळी "साहेब, ते घर उघडतच नाही, मी काय करू" हे वाक्य त्याच्या पाठीशी उभे राहते. मोहच नाहीसा केला तर प्रामाणिकपणा कसला, असे एक तत्त्वज्ञान आहे. ते मला खुर्चीत सुरक्षित बसलेल्या माणसाचे वाटते. ज्याच्या मानेवर दुसऱ्याचा हात आहे, त्याला यंत्राच्या नकाराचा आडोसा मिळत असेल तर तो खुशाल मिळू द्यावा.

पण तेच वाक्य, त्याच आवाजात, दुसऱ्या कुणाच्या कानावर पडते तेव्हा?

दुधनी अक्कलकोट तालुक्यातले. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे स्टेशन, आणि पुढे थोडक्यात कर्नाटक. १९६७ साली महाजन आयोगाने अक्कलकोट तालुका कर्नाटकाला द्यावा असे सुचवले होते. ते झाले नाही आणि आमच्या 'राज्य' या घरातले अक्षर होते तेच राहिले. घरात कन्नड, बाजारात दोन्ही, शाळेत मराठी, अशी येथली पुष्कळ मुले आहेत. या मुलांची नावे रजिस्टरात चढताना काय होते हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. मुलीला घरी मल्लव्वा म्हणतात. 'व्वा' हा शेवट आम्हा मराठी शिक्षकांना खेडवळ वाटतो. मग कुणी तिचे 'मल्लम्मा' करतो, कुणी आणखी शुद्ध करून 'मालन'. बापाला वाचता येत नाही, त्याला वाटते गुरुजींनी लिहिले ते बरोबर. आधारकार्ड काढणारा माणूस मात्र विचारेल ते लिहितो, म्हणून तेथे मल्लव्वा. पुढे 'अपार' नावाचा विद्यार्थी ओळखक्रमांक आला. त्यासाठी शाळेची नोंद आणि आधारवरचे नाव जुळावे लागते; न जुळले की तो तयार होत नाही. वर्षानुवर्षे एकमेकींना न भेटलेल्या दोन नोंदी प्रथमच समोरासमोर आल्या, आणि एका मुलीची दोन माणसे झाली.

तिची आई शाळेत आली तेव्हा मी कचेरीतच होतो. मोडक्या मराठीत म्हणाली, "गुरुजी, तिचं नाव मी ठेवलंय. तुम्ही दुसरं कसं लिवलं?" लेखनिकाने पडदा तिच्याकडे वळवला, चौकोनावर बोट ठेवले आणि म्हणाला, "हे बघा, उघडत नाही." वजनदार गृहस्थाला जे उत्तर देताना त्याच्या आवाजात भीती असे, तेच देताना आता कंटाळा होता. कुलपाने दुबळ्याला बळकटापासून वाचवले होते, आणि तेच कुलूप आता दुबळीच्या वाटेत आडवे पडले होते. यंत्राला समोर कोण उभे आहे ते दिसत नाही. त्याचा गुण तोच आणि दोषही तोच.

मग कुलूपच नको, असे म्हणावेसे वाटते. एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे काय केले ते अशा वेळी आठवते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी तो ग्रंथ शुद्ध केला. तीनशे वर्षांत हातोहात नकला होताना पाठ बिघडले होते, म्हणून त्यांनी प्रती जुळवून पाहिल्या आणि शेवटी, यात आता कुणी आपली ओवी घालू नये, असा कडक इशारा लिहून ठेवला. ज्याने उघडले त्यानेच कुलूप लावले. कुणी म्हणेल, स्वतः बदलून दुसऱ्याला मनाई करणे हा कुठला न्याय? मला त्यात विसंगती वाटत नाही. नाथांनी आपले नाव लपवले नाही, शक सांगितला, कशासाठी केले ते सांगितले. जो बदल आपल्या सहीने उभा राहतो, तो आणि जो चोरपावलांनी शिरतो तो, या दोहोंना एकाच तागडीत घालता येत नाही.

याहून रोजची शिकवण सातबाऱ्यावर मिळते. जमिनीवरचा एखाद्याचा हक्क संपला की त्याचे नाव नाहीसे करत नाहीत. कंसात घालतात, आणि त्याला फेरफाराचा क्रमांक असतो. आमच्या भागात 'नावाला कंस पडला' असे म्हणतात, आणि म्हणताना मथुरेचा कंसमामा आठवल्यासारखा चेहरा करतात. मला मात्र तो कंस फार सभ्य वाटतो. या माणसाचा येथे अधिकार होता, आता नाही, आणि का नाही ते अमुक क्रमांकाखाली वाचा, एवढे सगळे तो दोन वाकड्या रेघांत सांगतो. हाताने लिहिलेले सातबारे संगणकात भरले गेले तेव्हा चुका पुष्कळ झाल्या. मग २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झाले : कुलूप लावण्याआधी, ज्यांच्या नोंदी त्यांना त्या मोठ्याने वाचून दाखवायच्या. सगळीकडे ते नीट झाले असे कुणी म्हणणार नाही. तरी कल्पना मला मनापासून पटली. पुढेही चूक निघाली तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदाराच्या आदेशाने लेखनप्रमाद दुरुस्त होतो. म्हणजे कुलूप आहे, आणि चावी एका नाव-हुद्दा असलेल्या माणसाच्या हाती आहे, जो आदेशाखाली सही करतो.

आमच्या प्रोग्रॅममध्ये मी तसेच करायला सांगितले. नाव, जात, जन्मतारीख, रजिस्टर क्रमांक ही घरे लॉक्ड. पण पांढरी ठेवू नकोस, किंचित करडी कर, नाहीतर माणूस उगाच कळा बडवत बसेल आणि कळफलक बिघडला म्हणेल. घराशेजारी एक ओळ लिही : दुरुस्तीसाठी अर्ज कुणाकडे करायचा. दुरुस्तीचा तक्ता वेगळा. त्यात कारण, आदेशाचा क्रमांक, दिनांक आणि करणाऱ्याचे नाव लिहिल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. आणि जुने अक्षर नव्याच्या खाली कंसात दिसत राहावे. तो म्हणाला, "सर, घराला कुलूप लावणे एका ओळीचे काम आहे, हे सगळे करायला पंधरा दिवस लागतील." लागले एकवीस.

जाताना मी विचारले, "आता हे कुणालाच बदलता येणार नाही ना?" तो हसला. पडद्यावरचे कुलूप पडद्यापुरते असते, म्हणाला. मागे नोंदींची फाइल असते. ती दुसऱ्या साधनाने उघडली तर सगळे उघडे. तिला परवलीचा शब्द आहे, तो त्याच्यापाशी आहे. "तुझ्याकडे का?" "कुणाकडे तरी असणारच, सर." यावर मला उत्तर सुचले नाही. तो शब्द आता पाकिटात बंद करून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवला आहे, आणि पाकिटावर दोघांच्या सह्या आहेत. शेवटी कागदच कामी आला.

राहता राहिला तो प्रश्न, की ते दुरुस्तीचे दार कुणासाठी उघडायचे. १ जूनवाला एखादा गृहस्थ पन्नाशी उलटल्यावर जुने पंचांग घेऊन आला, त्याच्या मार्जिनात आजीने सांगितलेली खरी तिथी लिहिलेली निघाली, तर? मी नाही म्हणेन. १९९३ साली हरनामसिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, वर्षानुवर्षे गप्प राहून नोकरीच्या अखेरीस जन्मतारीख बदलून मागणे नाकारले. ते कठोर वाटले तरी मला पटते. त्या तारखेच्या मागे रांग लागलेली असते. एकाची निवृत्ती लांबली की दुसऱ्याची बढती लांबते. त्याला आपल्या जन्माचे सत्य हवे असेल तर त्याने वाढदिवस खुशाल त्या तिथीला साजरा करावा. मी जाणूनबुजून असत्याच्या बाजूने उभा आहे, हे मला दिसते. पण इतकी माणसे त्यावर घर बांधून राहिल्यावर पाया खणायला जाणे हे सत्यप्रेम नव्हे, असे माझे मत आहे.

नावाचे तसे नाही. मालनची मल्लव्वा झाल्याने कुणाची पाळी चुकत नाही, कुणाचा बांध सरकत नाही. तारीख दहा जणांत वाटलेली असते. नाव तिचे एकटीचे आहे, आणि ते आम्ही तिला न विचारता सुधारले होते. येथे परक्या वाचकाचे हितही तिच्याच बाजूला आहे, कारण त्याला ती एकच मुलगी आहे हे कळायला हवे. म्हणून तिचा अर्ज मी स्वतः लिहिला, आधारची नक्कल जोडली, आईचा अंगठा घेतला. कचेरीतला तक्ता उघडायला तयार आहे, पण आदेशाचा क्रमांक वरून यायचा आहे, आणि तो यायला वेळ लागतो. वरच्या कचेरीतही कुणीतरी पडद्यावर बोट ठेवून बसलेला असणार. तोवर हजेरीपत्रकावर ती मालनच आहे. मी हजेरी घेताना मल्लव्वा म्हणून हाक मारतो. पहिल्या दिवशी पोरे हसली. आता हसत नाहीत.